न दिसणाऱ्या पक्ष्याची ओळख : गिल्बर्ट व्हाइट यांची निरीक्षणपद्धती

प्रस्तावना :
लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीने (१७५८) प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा पाया घातला. चोच, पाय, पिसारा ही बाह्य लक्षणे पक्ष्यांच्या वर्गीकरणाचा आधार ठरली. परंतु जो पक्षी दृष्टीसच पडत नाही, तो ओळखावा कसा? इंग्लंडमधील सेलबोर्न येथील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट (१७२०-१७९३) यांनी या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा येथे विचार केला आहे.

विवेचन :
ग्रासहॉपर वॉर्बलर हा वटवट्यांपैकी एक लहान पक्षी दाट गवतात व झुडपांच्या तळाशी दडून राहतो. त्याचा स्वर नाकतोड्याच्या किरकिरीसारखा असतो. थॉमस पेनंट यांना १८ एप्रिल १७६८ रोजी लिहिलेल्या पत्रात व्हाइट यांनी त्याचे वर्णन केले आहे. हा स्वर पक्ष्याचा आहे, असे सांगितल्यास गावकरी हसत. व्हाइट यांना मात्र कीटकांचा ऋतुक्रम ठाऊक होता. त्या सुमारास नाकतोडे अंड्यांतून बाहेरही पडलेले नसतात. तेव्हा हा स्वर त्यांचा असणे शक्य नव्हते. खात्रीसाठी त्यांनी कुंपणाच्या पलीकडे एक माणूस उभा केला. पक्षी उंदरासारखा काट्यांच्या तळातून शंभर यार्ड पळत गेला, पण नीट दिसला नाही. पहाटे कोणी त्रास दिला नाही, तर तोच डहाळीच्या टोकावर बसून पंख थरथरवीत गातो, असेही ते नोंदवतात. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील पत्रात त्यांनी एकमेकांसारख्या दिसणाऱ्या तीन वटवट्यांमधील भेद सांगताना स्वरांनाच महत्त्व दिले. ही पत्रे १७८९ च्या सेलबोर्नविषयक ग्रंथात समाविष्ट आहेत.

या पक्ष्याचे शास्त्रीय नाव ‘लोकस्टेला नेव्हिया’ आहे. ‘नेव्हिया’ म्हणजे ठिपकेदार. हे बोडार्ट यांनी १७८३ मध्ये दिलेले नाव रूपावरून आले. ‘लोकस्टेला’ म्हणजे छोटा नाकतोडा. काऊप यांनी १८२९ मध्ये योजलेले हे प्रजातिनाम स्वराकडे निर्देश करते. डोळा आणि कान या दोन्ही ज्ञानसाधनांची खूण अशी एकाच नावात राहिली आहे.

निष्कर्ष :
हा पक्षी हिवाळ्यात भारतातही येतो. परंतु तेव्हा तो सहसा गात नाही. त्यामुळे येथे केवळ कानावर विसंबता येत नाही. शिवाय त्याचा आसरा असलेली अनेक माळराने सरकारी वर्गीकरणात ‘पडीक’ ठरतात. जे दिसत नाही ते नाहीच, ही सेलबोर्नच्या गावकऱ्यांची समजूत केवळ हास्यास निमित्त झाली; माळरानाबाबत तीच समजूत अधिवासाच्या नाशास कारण होऊ शकते. म्हणून जमीन रिकामी ठरविण्यापूर्वी तेथे ऋतुमानानुसार दीर्घकाळ निरीक्षण होणे आवश्यक आहे, हाच व्हाइट यांच्या पद्धतीचा आजचा अर्थ होय.