शयनगृहातील भिंतीतले कपाट : घरच्या घरी सुधारणा

जुन्या सदनिकांच्या शयनगृहात भिंतीच्या कोनाड्यात बसवलेले कपाट हमखास आढळते. आत कडाप्प्याच्या किंवा लाकडाच्या आडव्या फळ्या, पुढे चौकट व दोन पल्ले आणि वर माळा, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. घडीच्या कपड्यांसाठी ती सोयीची आहे. टांगून ठेवायच्या कपड्यांना मात्र तेथे जागा मिळत नाही. सुतारकामाची प्राथमिक माहिती असणाऱ्यास हे कपाट मोडून न टाकता सुधारता येते. मात्र कशाला हात लावू नये, हे आधी ठरवणे आवश्यक आहे.

पूर्वतपासणी

खोली वाढवण्यासाठी कोनाड्याची भिंत कदापि फोडू नये. विटांच्या जुन्या बांधकामात इमारतीचा भार भिंतीच पेलत असतात. कडाप्पा भिंतीत रुतवलेला असल्याने ठोकून काढल्यास गिलावा व विटाही निखळतात. तो जाणकाराकडूनच यंत्राने कापून घ्यावा. भिंतीतील विजेच्या तारा आणि पलीकडे स्नानगृह असल्यास पाण्याचे नळ कोठून गेले आहेत, हे छिद्र पाडण्यापूर्वी पाहावे.

ओल तपासण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीवर चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसल्यास भिंतीत ओल आहे असे समजावे. मातीच्या बारीक नळ्या किंवा चौकट ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज ही वाळवीची लक्षणे होत. या दोहोंचा बंदोबस्त झाल्यावाचून नवे लाकूड बसवू नये.

मापे

कोनाडा क्वचितच काटकोनात असतो. त्यामुळे रुंदी वर, मध्ये व खाली मोजून सर्वांत लहान माप धरावे. ओळंबा व गुण्या लावून पाहावा. हँगर आडवे टांगण्यास सुमारे ५५ ते ६० सें.मी. खोली लागते. कोनाडा ४५ सें.मी. इतकाच खोल असल्यास बाहेर सरकणारी नळी मागून पुढे बसवावी, म्हणजे कपडे दाराकडे तोंड करून राहतात. सदऱ्यांसाठी नळीखाली सुमारे एक मीटर, तर लांब कपड्यांसाठी दीड मीटर उंची सोडावी.

फळ्या व खण

एकूण वजन तेवढेच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर तिचा बाक आठपट होतो. लांब फळीऐवजी मधोमध उभा आधार देऊन दोन तुकडे बसवल्यास प्रत्येकावर निम्मेच वजन येते आणि बाक सोळाव्या हिश्श्यावर उतरतो. जाड फळी घेण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे. आधाराच्या पट्ट्यांचे स्क्रू गिलाव्यात न थांबता विटेत पोहोचले पाहिजेत.

खणाला सरकपट्ट्या लावायच्या असल्यास दोन्ही बाजूंस साधारण १३ मि.मी. जागा लागते, म्हणजे खण मोकळ्या जागेपेक्षा २६ मि.मी. अरुंद करावा.

साहित्य व दक्षता

सर्वसाधारण प्लायवूडसाठी ‘आयएस ३०३’, तर पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडसाठी ‘आयएस ७१०’ हे भारतीय मानक आहे. स्नानगृहालगतच्या भिंतीस दुसरा प्रकार योग्य ठरतो. कापलेल्या कडा पट्टी लावून बंद कराव्यात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा, तर २००४ मध्ये प्लायवूडच्या गोंदातून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा कर्करोगकारक घटकांत समावेश केला. म्हणून कापणी व घासणी शयनगृहात न करता उघड्या जागी, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून करावी. काम पूर्ण झाल्यावर काही दिवस पल्ले व खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या काळात खोलीत झोपणे टाळावे.

दमट हवेत लाकूड फुगते. मे महिन्यात घट्ट बसवलेला पल्ला जुलैत अडकतो. त्यामुळे दोन पल्ल्यांमध्ये दोन-तीन मि.मी. फट ठेवावी, आणि हे काम शक्यतो पावसाळा संपून भिंती वाळल्यावरच हाती घ्यावे.