सहा हजार वर्षांची वाट

इतिहासाच्या व्यासपीठावर एका रानटी जनावराची कथा कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटत असेल. शंका रास्त आहे. आमचे उत्तर अमेरिकेच्या वायोमिंग संस्थानात, पाइनडेल गावाजवळ, जमिनीखाली सापडले आहे. तेथे दोन नद्यांच्या मध्ये भूमीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिला ट्रॅपर्स पॉइंट म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुराणवस्तुसंशोधकांनी ती खणली, तेव्हा सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांनी टाकलेली प्राँगहॉर्न नावाच्या जनावराची हाडे निघाली. त्यांत पोटातल्या, न जन्मलेल्या पाडसांचीही हाडे होती. गर्भ केवढा वाढला होता हे पाहून शिकारीचा ऋतू ठरविता आला : वसंत. आणि आजही कळप त्याच पट्टीवरून, त्याच ऋतूत उत्तरेकडे जातात. ज्या प्रवासाला शिलालेख नाही, सनद नाही, त्याची तिथी अशी हाडांनी जपून ठेवली!

हा प्राणी दिसायला आपल्या काळविटाचा भाऊबंद वाटतो. वस्तुतः त्याचे कूळच निराळे, आणि त्या कुळात तो एकटाच उरलेला. शिंगाला पुढे एक फाटा असतो आणि शिंगावरचे कवच तो दरसाल टाकतो. ताशी ५० मैलांहून अधिक वेगाने तो धावतो. त्याला गाठील असे श्वापद आज त्या खंडात नाही. मग एवढा वेग कशासाठी? चित्त्याच्या बांध्याचे एक मांजरकुळीचे जनावर हिमयुगाच्या अखेरीपर्यंत तेथे वावरत होते, त्याच्या धाकाने हा वेग आला असावा, असे काही संशोधक मानतात. कोल्हापूर संस्थानात काळविटांवर चित्ते सोडीत, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांना हे पटणे जड जाऊ नये.

वेगाने श्वापद चुकविता आले, बंदूक चुकविता आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जे कळप कोटींत मोजावे लागले असते, ते १९२२–२४ च्या पाहणीत सुमारे ३०,००० वर आले होते. पुढे शिकारीवर निर्बंध आले, अभयारण्ये झाली, १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्य पशूंच्या कामी लागला, आणि संख्या पुन्हा लाखांवर गेली. जनावर वाचले, त्याची वाट वाचली होती काय?

काळवीट उंच उडी घेतो. प्राँगहॉर्न सहसा कुंपणावरून उडी मारीत नाही. उघड्या माळावर त्या विद्येची गरजच पडली नसावी. तो तारेखालून सरपटतो. १९८३ साली वायोमिंगमधील रेड रिम भागात एका पशुपालकाने २८ मैलांचे जाळीचे कुंपण घातले. हिवाळी चाऱ्याकडे निघालेले कळप त्याला अडले. कित्येक जनावरे मेली. कुंपण बहुतेक त्याच्या स्वतःच्याच जमिनीवर होते. परंतु रेल्वे कंपनीला एकाआड एक चौकोन देण्याच्या जुन्या व्यवहारामुळे आत सरकारी जमीनही कोंडली गेली होती. खटल्यात कामी आला तो १८८५ चा कायदा. तो सरकारी माळ बड्या गुरेवाल्यांनी अडवू नयेत म्हणून झालेला होता, प्राँगहॉर्न त्याच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नसेल. १९८८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निर्णय कायम केला : कळपांना वाट दिली पाहिजे.

हा एका कुंपणाचा न्याय झाला. सबंध वाट कोणती, हे कळण्यास शतकाची अखेर उजाडावी लागली. ग्रँड टीटन पर्वताच्या पायथ्याशी उन्हाळा काढणाऱ्या काही जनावरांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले गेले. हिमवर्षावाआधी ती डोंगर ओलांडून ग्रीन नदीच्या खोऱ्यात उतरतात, शंभराहून अधिक मैल चालतात, आणि वसंतात त्याच पाउलवाटेने परततात, असे दिसून आले. वाट काही ठिकाणी अगदीच अरुंद. तेथे एखादी वस्ती उभी राहिली की संपूर्ण प्रवासच खुंटायचा. २००८ मध्ये राष्ट्रीय वनातील तिच्या भागाला संरक्षण मिळाले. ट्रॅपर्स पॉइंटवर मात्र ती हमरस्त्याला छेदीत होती. तेथे २०१२ मध्ये केवळ जनावरांसाठी पूल आणि भुयारी मार्ग बांधण्यात आले. प्राँगहॉर्नांनी पूलच पसंत केला. डोळ्यांवर भिस्त असलेले ते जनावर. अंधाऱ्या बोगद्यात कशाला शिरेल?

२०२२–२३ चा हिवाळा त्या खोऱ्यात फार कडक गेला. खोल हिमात उपासमार आणि भरीस भर फुप्फुसांचा रोग. कळपांची मोठी हानी झाली. अशा हिवाळ्यात जनावराला तगायचे तर हिम कमी असेल तिकडे सरकता आले पाहिजे. म्हणून आता त्या मुलखात कुंपणाची सर्वांत खालची काटेरी तार काढतात आणि तिच्या जागी बिनकाट्याची तार, जमिनीपासून दीड फुटाच्या सुमारास, ताणून बसवितात.