तालमीच्या कट्ट्यावरील फुटबॉल
राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्या करवीर नगरीत, म्हणजे कोल्हापुरात, मल्लविद्या बहरली आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, तिथल्या तालमींनी पुढे फुटबॉललाही जवळ केले. म्हणूनच पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल हे संघ आजही 'तालीम मंडळ' हे बिरुद मिरवितात. हंगामाच्या सलामीचा सामना जिंकून पेठकरी शाहू स्टेडियमवरून परतले, की कट्ट्यावर जणू कचेरीच भरते. विजयाची नोंद एका वाक्यात उरकते. मात्र डाव्या बगलेवरच्या पोराने चेंडू पायात अंमळ अधिक रेंगाळविला, उत्तरार्धात बचावफळी ढिली पडली, याची झडती रात्री उशिरापर्यंत चालते. कुस्तीत पट काढताना पाय कुठे चुकला हे हेरणारी पिढीजात नजरच इथे फुटबॉलवर रोखलेली असावी, असे मला वाटते. आणि शेजारची पेठ हरली असेल, तर तिचा मुलाहिजा मुळीच राखला जात नाही.