ताव आणि भाजणी

‘तावून सुलाखून निघणे’ हा वाक्प्रचार शिकवताना सोन्याचा उल्लेख होतो, सोनाराचा क्वचितच. पदार्थ उष्णतेला कसा प्रतिसाद देतो, याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण या शब्दांत साठले आहे. ते करणारे हात मात्र वाङ्मयेतिहासात दिसत नाहीत. नाशिकपुरता या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक व जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्वे संस्कृतीची (सुमारे इ. स. पू. १४०० ते ७००) तांबूस, काळ्या नक्षीची मृद्‌भांडी इतकी चांगली भाजलेली आहेत की टिचकी मारली असता धातूसारखा नाद येतो. माती सुमारे ५०० ते ६०० अंशांपलीकडे तापली की तिच्या घडणीतच बांधलेले पाणी निघून जाते आणि ती पुन्हा चिखल होत नाही. कच्चे मडके आणि पक्के मडके यांतील अंतर एकदाच ओलांडता येते.

तांब्याचा स्वभाव उलट आहे. ठोकून ठोकून ते ताठर होते. भट्टीत लाल केले की पुन्हा मऊ पडते. म्हणून तांबटाचे काम म्हणजे ताव आणि हातोडा यांची आलटूनपालटून चाललेली पाळी. तांबे वितळते १०८५ अंशांना, कथील २३२ अंशांना; या अंतरामुळेच भांड्याला धक्का न लागता कल्हई होते. तांब्याचा बंब आच झटकन पाण्यापर्यंत पोचवतो. पाणी मात्र सावकाश तापते, कारण तेवढ्याच वजनाच्या तांब्याहून त्याला सुमारे ११ पट उष्णता लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिकची ख्याती १८८३ च्या गॅझेटियरनेही नोंदवली आहे.

या कारागिरांचा लिखित पुरावा शोधू गेल्यास पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख भेटतो. आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेव ठेवली. त्यांत ‘कुलरिक’ आहेत. अभ्यासक त्याचा अर्थ बहुधा कुंभार असा करतात. कुंभार येथे आले ते ठेव सांभाळणारे विश्वासू लोक म्हणून. त्यांच्या भट्टीविषयी लेख मौन पाळतो. दान कोरले गेले, कसब कोरले गेले नाही.

ते कसब भाषेने सांभाळले. शेकणे, भाजणे, परतणे, कढवणे, आटवणे, निववणे ही क्रियापदे समानार्थी नव्हेत; प्रत्येकात पदार्थ, आच आणि वेळ यांचा वेगळा हिशेब आहे. स्टेनलेस स्टीलने कल्हईवाल्याचे दार बंद केले, तेव्हा एका धंद्याबरोबर अशा हिशेबाचा साक्षीदारही गेला. शब्दकोश अर्थ सांगेल. अमुक आचेला काय होते, हे सांगणारा माणूस नसेल तर तो अर्थ कच्च्या मडक्यासारखाच राहील. लेण्यांतील लेख जितक्या काळजीने वाचले जातात, तितक्याच काळजीने ही क्रियापदे वाचणे, हे इतिहासलेखनाचेच काम आहे असे आम्हांस वाटते.