चुना, खळ आणि कागदाचे आयुष्य

२०२३ साली जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन उर्दू-मोडी दप्तरे पुन्हा उघडली. शोध कोणताही असो, आधी कागद टिकलेला असावा लागतो. म्हणून आजचा धागा कागदाच्या पोटातील खनिजांविषयी.

जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग. त्याच जुन्या जिल्ह्यात, दौलताबादेजवळ, कागजीपुरा आहे. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा कागद करणारे कारागीर इथे आले, असे परंपरा सांगते. चिंध्या चुन्यात भिजवायच्या, कुटायच्या, लगदा साच्यावर उचलायचा, ताव वाळवायचा. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. हाच घोटीव कागद. (लेखनातील चूक झाकण्यासाठी हरताळ हे पिवळे खनिज लावीत, ‘हरताळ फासणे’ तिथलेच.)

खरी करामत चुन्याची. धुतल्यावरही तंतूंत उरलेला चुना हवेच्या संपर्कात खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि कागद कुरतडणारे आम्ल शमवतो. कारागिरांना हे रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कागद मात्र टिकला.

१८०७ मध्ये जर्मनीच्या इलिग यांनी राळ व तुरटी लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. यंत्रांना ती सोयीची, परंतु तुरटीने कागद आम्लधर्मी झाला. आम्लात खडू विरघळतो, म्हणून गिरण्या भर घालण्यासाठी चिनी मातीकडे वळल्या. आपल्या ग्रंथालयांतील शंभर वर्षांपूर्वीची पुस्तके हात लावताच तुटतात, त्यामागे मोठा वाटा याच आम्लाचा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्लाविना चालणारी रसायने आली आणि खडू परतला. या वेळी मुद्दाम, कारण तो तंतूंपेक्षा स्वस्त आणि शुभ्र. अडचण अशी की, एक-दोन मायक्रॉनचे हे कण जाळीतून पाण्याबरोबर निसटतात. उरतात ते तंतूंच्या मध्ये शिरून त्यांची पकड सैल करतात. उपाय म्हणजे लगद्यात घालण्यापूर्वीच पॉलिमरने त्यांचे पुंजके बांधणे. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ एकवटतो, साधारण तसेच. पुंजका मोठा, म्हणून अडणारे सांधे कमी. भर अधिक घालूनही ताव मजबूत राहतो. मात्र पुंजका फार मोठा झाला तर कागदाची अपारदर्शकता घटते, आणि दुबळा असेल तर पंपातच फुटतो.

या कामी येणाऱ्या पॉलिमरांत स्टार्चही आहे. कागजीपुऱ्यात तावावर चढणारी खळ ती हीच, फक्त आता ती कागद होण्याआधी खनिजाला लागते.