शुद्धी हरपलेल्या रुग्णाची तपासणी

हाकेला ओ न देणारा रुग्ण बेशुद्धच असतो, हे गृहीतक या तपासणीतले सर्वांत घातक होय. श्वासमार्ग, श्वसन, नाडी व रक्तातील साखर पाहून झाल्यावर शुद्धीची पातळी मोजतात. टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ग्लासगो मोजपट्टी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देते. दौंड तालुक्यातील भांडगावसारख्या, पुणे-सोलापूर महामार्गावरच्या शेतीप्रधान गावातून आलेल्या रुग्णात मात्र हा आकडा एकटा पुरत नाही. अपघातात डोक्याला बसलेला मार, कीटकनाशकाची विषबाधा आणि मण्यारीचा दंश या तिन्हींत गुण ३ पर्यंत घसरू शकतात. एकच बाहुली विस्फारली, तर कवटीतील रक्तस्रावाची शंका येते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने बाहुल्या अगदी बारीक होतात, लाळ व घाम सुटतो. मण्यारीचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारे संदेश अडवते. पापण्या मिटतात, श्वास थांबतो, बाहुल्यादेखील प्रकाशाला दाद देत नाहीत. तरीही रुग्ण आतून जागा असू शकतो, आणि खाटेशेजारचे बोलणे ऐकतही असतो.

दंशाची खूण नसताना सर्पदंश कसा मानायचा, हा आक्षेप रास्त वाटतो, पण टिकत नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. वेदना नगण्य, खूण अनेकदा दिसतच नाही. म्हणून रुग्ण कुठे झोपला होता, पहाटे पोट दुखले का, पापण्या आधी जडावल्या का, हे नातेवाइकांना विचारावेच लागते. मोजपट्टी झटपट व सर्वांना समजणारी आहे, हे खरे. तिचा खरा उपयोग तासागणिक होणारा बदल टिपण्यासाठी आहे, कारण सांगण्यासाठी नाही. मण्यारदंशाची शक्यता उरलेली असताना मेंदूमृत्यूचे निदान करू नये आणि कृत्रिम श्वसन थांबवू नये.