एडवर्ड कोक : राजाला अडवणारा न्यायाधीश

सर एडवर्ड कोक म्हणजे राजालाही कायद्याखाली आणणारा न्यायाधीश, असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण पूर्ण नाही.

१५५२ साली जन्मलेले कोक १५९४ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे वकील झाले. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. कोक यांनी भर न्यायालयात त्यांचा पाणउतारा केला. आरोप करणाऱ्याला समोर उभे करा, ही रॅले यांची मागणी फेटाळली गेली. गैरहजर माणसाच्या जबाबावर त्यांना मृत्युदंड सुनावला गेला.

१६०६ मध्ये हेच कोक सरन्यायाधीश झाले. पुढच्याच वर्षी जेम्स राजाने स्वतः निवाडे करण्याचा हक्क सांगितला. तेव्हा राजा कोणा माणसाखाली नसला तरी ईश्वर आणि कायदा यांच्याखाली आहे, असे कोक यांनी त्याला सुनावले. १६१६ मध्ये त्यांचे पद गेले. १६२१ मध्ये पार्लमेंटमधील वागणुकीबद्दल त्यांना टॉवरमध्ये कैद झाली. तरी १६२८ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, 'पिटिशन ऑफ राइट' घडवण्यात ते पुढे होते. कारण न सांगता कैद नाही आणि पार्लमेंटच्या संमतीवाचून कर नाही, हा त्या अर्जाचा गाभा.

आता मला बोचणारी गोष्ट. १६०८ च्या 'कॅल्विन' खटल्याच्या वृत्तान्तात कोक लिहितात की, ख्रिस्ती नसलेले सारे लोक कायद्याच्या दृष्टीने कायमचे शत्रू होत. त्यांची साक्षही ग्राह्य नाही, असेही त्यांनी अन्यत्र लिहिले. या व्याख्येत मुसलमान आले, हिंदू आले, यहुदीही आले. राजाची मनमानी ओळखणाऱ्या डोळ्यांना स्वतःचा पूर्वग्रह दिसला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. १७४४ मध्ये कलकत्त्याच्या ओमीचंद या व्यापाऱ्याचा दावा इंग्लंडमध्ये चालला. हिंदू साक्षीदारांनी आपल्या रीतीप्रमाणे शपथ घेऊन दिलेली साक्ष चालेल का, हा प्रश्न होता. कोक यांचे मत पुढे करण्यात आले. न्यायाधीशांनी ते बाजूला सारले आणि साक्ष स्वीकारली.

मला यात कोक यांचा पराभव दिसत नाही. कायदा राजापेक्षा मोठा, हे त्यांनीच सांगितले होते. तो कोक यांच्यापेक्षाही मोठा निघाला. म्हणून थोर माणसांची पूजा करू नये आणि त्यांना मोडीतही काढू नये. त्यांचे तत्त्व घ्यावे आणि ते आधी त्यांनाच लावून पाहावे. मग स्वतःला.